वार ठरलेला हवा

नागपूरहून अमरावतीकडे निघालेला रस्ता वाडीत शिरला की दोन्ही बाजूंना गोदामे सुरू होतात. ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या, वजनकाटे, ताडपत्री आणि दोरखंडांची दुकाने, टायरवाले, गॅरेजे, चहाच्या टपऱ्या. एका वस्तीचे नावच ‘आठवा मैल’ आहे. शेजारी अंबाझरीची आयुधनिर्माणी असल्यामुळे कामगारांची घरे पूर्वीपासून होती. मागाहून वाहतूकदार आले, घाऊक व्यापारी आले आणि बघता बघता ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. येथे प्रत्येक नगाची बिल्टी होते, प्रत्येक फेरीचा हिशेब राहतो. संध्याकाळी साडेचार ते सात या वेळात येथील मुले काय करतात, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. व्यापारी घरातील मूल नागपूरच्या शाळेच्या बसमधून उतरते, खाते, शिकवणीला जाते आणि उरलेला वेळ मोबाइलला देते. हमालाचे मूल शिकवणीला जात नाही. एवढाच काय तो फरक.

समाजाचा पैसा मुलांच्या संस्कारांवर खर्च होत नाही, असे कोणी म्हणणार नाही. वर्षातून एक भक्तिसंध्या किंवा संगीतरजनी होते आणि बऱ्याच ठिकाणी एखाद्या दात्याच्या नावाचे वाचनालयही असते. पण दोन्ही ठिकाणचे चित्र बहुतेकांच्या ओळखीचे आहे. संगीतरजनीची पत्रिका साडेसहाची असते. दीपप्रज्वलन, अध्यक्षांचे मनोगत, दात्यांची शाल-श्रीफळे, पुढच्या वर्षीच्या लाभार्थ्यांची घोषणा हे सारे आटोपून गायक माइकपाशी येतो तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. लहान मुले तोवर मंडपाच्या मागे पळापळी करीत असतात किंवा आईच्या मांडीवर झोपलेली असतात. वाचनालयात काचेची कपाटे असतात, संगमरवरी पाटी असते, पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरे असतात. आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारल्यावर तीन नावे सांगितली जातात. पहिल्या ठिकाणी मुले येतात, पण त्यांच्यासाठी काही घडत नाही. दुसऱ्या ठिकाणी त्यांच्यासाठी पुस्तके असतात, पण त्यांना येता येत नाही.

ग्रंथ जपण्याची परंपरा जैन समाजाइतकी क्वचितच कोणाची असेल. मूडबिद्रीच्या सिद्धान्त बसदीत षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या. यात्रेकरू लांबून येत, त्या प्रतींचे दर्शन घेत आणि परत जात. वाचणारा मात्र विरळा. ते ज्ञान सर्वांसमोर आले ते छपाईच्या मार्गाने, आणि त्यातला मोठा वाटा विदर्भाचा आहे. वाडीवरून जाणाऱ्या याच रस्त्याने दीडशे किलोमीटर गेले की अमरावती लागते. तेथील किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकविणारे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी धवलेचे संपादन हाती घेतले आणि १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढे सुमारे वीस वर्षे काम चालून सोळा खंड पूर्ण झाले. पैसा कोणाचा होता? भेलसा, म्हणजे आजच्या विदिशा येथील श्रीमंत सेठ सिताबराय लक्ष्मीचंद यांनी दिलेल्या निधीतून हे काम उभे राहिले. एका व्यापाऱ्याने कपाट दिले नाही, कपाटातले बाहेर काढण्याचा खर्च उचलला, आणि तोही एका समारंभापुरता नाही.

त्याहीपूर्वी, दहाव्या शतकात, कर्नाटकातील अत्तिमब्बेने कवी पोन्नाच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या. एक हजार लेखनप्रती म्हणजे ताडपत्रे किती, लेखनिक किती आणि महिने किती, याचा अंदाज घाऊक व्यापाऱ्याला चटकन येईल. शास्त्रदान हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरला जातो. त्या बाईंनी तो अक्षरशः घेतला होता.

मुलांच्या ग्रंथालयाचे आणि तेथील ‘गोष्टीच्या तासा’चे मूळ शोधायला परदेशात जावे लागते खरे, पण ती पद्धत मराठी माणसाच्या हातूनही भारतात रुजली. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सार्वजनिक ग्रंथालयांनी मुलांसाठी स्वतंत्र खोल्या केल्या. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात ॲन कॅरोल मूर या बाईंकडे १९०६ साली बालविभागाचे काम आले आणि ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी गोष्ट सांगण्याची प्रथा तेथे पक्की झाली. त्याच सुमारास महाराज सयाजीराव गायकवाड अमेरिकेचा दौरा करून आले होते. ग्रंथालयांची व्यवस्था पाहून ते इतके प्रभावित झाले की १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्याला बोलावून घेतले. बोर्डन तीनच वर्षे राहिले, पण तेवढ्यात बडोदे संस्थानाच्या ग्रंथालयांची घडी बसली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन झाले, आणि खेड्यांसाठी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. पेटी एका गावात वाचून झाली की दुसऱ्या गावाला. मालाची हालचाल हाच ज्यांचा धंदा आहे, त्या वाडीकरांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही.

गोष्टीच्या तासाबद्दल एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. तो करमणुकीचा कार्यक्रम नव्हता. गोष्ट ज्या पुस्तकातील असे ते पुस्तक आणि त्याच्या जवळपासची आणखी चार पुस्तके समोरच्या फळीवर मांडलेली असत. गोष्ट संपली की मूल उठून त्या फळीकडे जाई आणि पुस्तक घरी घेऊन जाई. गोष्ट ही दार उघडण्याची युक्ती होती. आपल्याकडे सुट्टीत कोणी कथाकथन ठेवले तर टाळ्या होतात, चॉकलेटे वाटली जातात, छायाचित्र व्हॉट्सॲपवर जाते. पुस्तक मात्र कोणाच्याही हातात पडत नाही. देवघेवीची वही नसेल तर त्या तासाला वाचनालयाचा तास म्हणता येणार नाही.

गोष्ट सांगायची कशी, हे शिकायला फार दूर जावे लागत नाही. गुजराती घरांत गिजुभाई बधेका यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या या माणसाने १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले आणि गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ‘दिवास्वप्न’मधील त्यांचा शिक्षक गोंगाट करणाऱ्या वर्गाला ताब्यात आणतो तो छडीने नव्हे, गोष्टीने. त्यांच्यासोबत भावनगरला काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या आयुष्यातील काही वर्षे अमरावतीत गेली होती, हे आपल्या भागात फार जणांना ठाऊक नसते. ताराबाईंनी नंतर महाराष्ट्रात बालशिक्षणाचे मोठे काम केले. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही; बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ असलेला शब्द त्या अनुभवातून आला.

वाडीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहील, आणि त्याचे उत्तर आधीच द्यावे लागेल. समाजाच्या सभागृहात शनिवारी गोष्ट ठेवली, आणि रस्त्यापलीकडच्या खोल्यांतील हमालांची, ड्रायव्हरांची मुले दारात येऊन उभी राहिली, तर त्यांना आत घ्यायचे की नाही? काही घरांना हे रुचणार नाही. चपलांची, स्वच्छतेची, ‘आपल्या मुलांच्या सवयीं’ची कारणे पुढे येतील. पण त्यांच्यासाठी दार बंद ठेवायचे असेल तर मग गोष्टीचा तास घरीच आजीच्या खोलीत ठेवावा, सभागृह कशाला हवे? ज्या गोदामावर घर चालते त्या गोदामातील माल या मुलांचे वडीलच उतरवतात. त्यांचे मूल आणि मालकाचे मूल एका सतरंजीवर बसून एकच गोष्ट ऐकेल, असे आज वाडीत दुसरीकडे कुठे घडते? शाळा वेगळ्या, मैदाने वेगळी, वाढदिवस वेगळे.

आता संगीताकडे. गोष्ट आणि गाणे या दोन स्वतंत्र कार्यक्रमांच्या गोष्टी आहेत, हा समजही तसा अलीकडचा. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत अपभ्रंश भाषेतील कथाकाव्ये जपलेली होती. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंताची ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ ही त्यांतली दोन. पहिले डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी आणि दुसरे त्याच हिरालाल जैन यांनी संपादित केले, आणि १९३१ ते १९३३ या काळात ‘कारंजा जैन सीरीज’मधून ती प्रसिद्ध झाली. त्याच मालिकेतील कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’त धाराशिव परिसरातील लेण्यांचा संदर्भ येतो. या काव्यांची घडणच गेय आहे. कडव्यामागून कडवे, आणि कडव्याच्या शेवटी चाल बदलणारा घत्ता. म्हणजे कथा गाऊन सांगायची आणि ऐकणाऱ्याचे लक्ष विचलित होऊ लागले की लय बदलायची. हजार वर्षांपूर्वीच्या कवींना श्रोत्यांची नाडी ठाऊक होती. आजच्या ध्वनिक्षेपकवाल्यांना ती तितकी ठाऊक असावी असे वाटत नाही.

नागपूरचे सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच वसंतराव देशपांडे यांचे. जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा, बालपण नागपुरात. शंकरराव सप्रे यांच्या संगीत विद्यालयात त्यांचे पहिले धडे झाले. याच सप्रे गुरुजींकडे शिकलेला आणखी एक मुलगा म्हणजे राम चितळकर, पुढे हिंदी चित्रपटसृष्टीत सी. रामचंद्र म्हणून गाजलेले संगीतकार. एका शहरातील एका साध्या वर्गात ही दोन मुले तयार झाली. वसंतरावांना भालजी पेंढारकरांनी ‘कालियामर्दन’ या चित्रपटात कृष्णाची भूमिका दिली. नंतर कित्येक वर्षे त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली, आणि १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मधील खाँसाहेबांनी त्यांना घराघरांत पोहोचवले. आज नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला त्यांचे नाव आहे, आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह भरविते. समारोह चांगलाच आहे. वाडीच्या मंडळींनी मुलांना घेऊन तेथे जरूर जावे. पण वसंतराव समारोहातून घडले नाहीत. रोजच्या वर्गातून घडले. तेथे हार्मोनियमची पेटी होती, गुरुजी होते आणि उद्याही याच वेळी यायचे हे मुलांना ठाऊक होते.

मुलांना मैफलीत बसवायचे तर मैफलच मुलांच्या मापाची करावी लागते. दिल्लीच्या आयआयटीतील प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ साली सुरू केलेल्या स्पिक मॅके या चळवळीने हे देशभर करून दाखविले आहे. मोठमोठे कलाकार शाळा-महाविद्यालयांत जमिनीवर बसतात, वाद्य दाखवतात, राग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतात, वाजवतात आणि मुलांचे प्रश्न ऐकतात. तिकीट नसते, सत्कार बेताचे असतात. वाडीतील बैठकीला याहून मोठे काही लागत नाही. नागपुरात संगीत विशारद झालेले, उत्तम गाणारे, पण व्यासपीठ न मिळालेले तरुण कमी नाहीत. गायक, तबला, पेटी, साठ-सत्तर श्रोते, पाऊण तास गाणे आणि पंधरा मिनिटे मुलांची. तानपुऱ्याच्या तारेला बोट लावायला मिळाले तर आठ वर्षांचे मूल ती गोष्ट महिनाभर सांगत राहते.

खर्चाचे गणित मांडल्यावाचून व्यापारी वाचकाचे समाधान होणार नाही आणि ते होऊही नये. समजा, एखाद्या कुटुंबाने पाच लाख रुपये कायमनिधी म्हणून ट्रस्टकडे ठेवले. व्याज सात टक्के धरले तर वर्षाला पस्तीस हजार येतात. परीक्षा, दिवाळी आणि उन्हाळ्याची गावे वगळली तर वर्षात चाळीस शनिवार मिळतात. गोष्ट सांगणाऱ्या ताईला किंवा निवृत्त शिक्षकाला दर वेळी पाचशे रुपये मानधन दिले तर वीस हजार झाले. उरलेल्या पंधरा हजारांत दरवर्षी शे-दीडशे नवी बालपुस्तके येतात. मुद्दल जागच्या जागी. हेच पाच लाख एका रजनीवर एका रात्रीत संपतात, आणि दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याचे जादा बिल येते. महिन्याच्या बैठकीला निराळा निधी लागेल. कलाकारांना दहा हजार धरले तर दहा बैठकींचे लाख रुपये होतात. तो चार-पाच कुटुंबांनी मिळून उचलण्यासारखा आहे, आणि येथे मानधनात घासाघीस करू नये. व्यापाऱ्याची ती सवय या एका दारापाशी बाहेर काढून ठेवावी.

पुस्तकांसाठी सुरुवातीला फारसे अडणार नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा मोफत मिळतात, छापूनही घेता येतात. जागेचेही तसेच. साताऱ्याच्या भिलार गावात २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या घरांतील खोल्या पुस्तकांसाठी उघडून दिल्या. वाडीत गोदामांच्या वरचे कितीतरी हॉल लग्नसराईखेरीज रिकामे असतात. मात्र दोन वयोगट वेगळे करावेत. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना वीस मिनिटे पुरेत. सात ते अकराच्या मुलांना चाळीस मिनिटांची लांब गोष्ट चालते, किंबहुना ती पुढच्या शनिवारवर तोडली तर अधिक चालते. पुढे वर्गणीदार आणि देवघेव वाढली तर १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली शासनमान्यता आणि अनुदान मागता येते. पण त्यासाठी आज थांबण्याचे कारण नाही.

कायद्याच्या दोन बाबी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बंद खोलीतील बैठकीला लहानसा ध्वनिक्षेपकही पुरून उरतो. दुसरे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे. पैसे देऊन ऑर्केस्ट्रा आणणाऱ्यांनी चित्रपटगीतांच्या परवान्याची चौकशी आधीच करावी.

वेळेच्या बाबतीत जैन घरांना एक सोय आपसूक मिळालेली आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण होत असल्यामुळे सात वाजता घर मोकळे असते. इतरांच्या मैफली नऊला रंगू लागतात, येथे नऊला संपू शकतात. मुलांचा तास शनिवारी साडेचारला ठेवला तर तो सव्वापाचला आटोपून पुस्तके देऊन सगळे जेवायच्या वेळेला घरी पोहोचतात. सुरुवातीला चातुर्मास उत्तम. चार महिने माणसे गावात असतात, धर्मस्थानात रोजची ये-जा असते, आणि पावसामुळे मुले तशीही घरात कोंडलेली असतात. पहिल्या शनिवारी सहा मुले येतील. दुसऱ्या शनिवारी कदाचित चारच. म्हणून तिसरा शनिवार रद्द करायचा नाही, सांगणारी ताई आजारी असेल तरीही नाही. अशा दिवशी घरातल्या एखाद्या आजोबांनी उठून पुस्तकातून मोठ्याने वाचावे.

राहिली कपाटाची किल्ली. ती अध्यक्षांकडे नको, सचिवांकडेही नको; दोघेही गावाला जातात. सभागृहाशेजारी जे दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडे असते, त्याच्या गल्ल्याशेजारच्या खिळ्याला ती अडकवावी. देवघेवीची वही तिथेच खाली ठेवावी, आणि दुकानात कामाला असलेल्या पोराला सांगून ठेवावे की कोणतेही मूल पुस्तक मागायला आले तर गिऱ्हाईक थांबले तरी चालेल.